एक रुपयाचा निरोप

ऑगस्ट २०२४. सकाळपासून धो धो पाऊस. ती आली तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली होती, पण छातीशी धरलेलं प्लास्टिकचं पुडकं कोरडं होतं. आत भिंतीवरचं कालनिर्णय.

मी पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात समाजकार्यकर्ती आहे. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत पोलिसांबरोबर हे काम सुरू केलं. आता असे कक्ष राज्यभर आहेत. (ओळख पटू नये म्हणून तिचे काही तपशील बदलले आहेत.)

घटस्फोटाला दोन वर्षं झालेली. तीन महिन्यांपूर्वी माजी नवऱ्याने तिच्या समोरच्याच इमारतीत खोली भाड्याने घेतली. शिवी नाही, हात उगारणं नाही. तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागला की तो गॅलरीत येऊन उभा. ती बसच्या रांगेत, तर तो चार माणसं मागे. याआधी ती दोनदा ठाण्यात येऊन गेली होती. "अहो, तो तिथेच राहतो. स्वतःच्या घरी जाणाऱ्याला अडवायचं कसं?" एवढं ऐकून परत गेली.

शेजारी राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हीच खरी अडचण. त्याची प्रत्येक हालचाल सुटी सुटी पाहिली तर योगायोगच वाटते.

मी कालनिर्णय उघडलं. प्रत्येक चौकोनात वर दुधाचा हिशोब, अर्धा लिटर, एक लिटर, एक खाडा. खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात: '७.१० रांगेत', '८.४० गॅलरी', 'भाजीवाल्याकडे'. मे, जून, जुलै. एकही आठवडा कोरा नव्हता. मी पानं उलटत होते आणि ती माझ्याकडे नाही, माझ्या बोटाकडे बघत होती.

तरी मनात धाकधूक होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ ला नुसता पाठलाग पुरत नाही. बाईने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधला किंवा तसा प्रयत्न केला, हे दाखवावं लागतं. "तो बोलतो का गं कधी?" मी विचारलं.

"नाही ताई. 'मला संपर्क करू नकोस' असं लिहून मी त्याला फोनवर, व्हॉट्सॲपवर सगळीकडे ब्लॉक केलंय." मग जरा थांबून, ओशाळल्यासारखी म्हणाली, "फक्त पैसे पाठवतो. एक रुपया."

मी फोन मागितला. यूपीआयवर त्याच्या नावाने पाच वेळा एक एक रुपया जमा झालेला, आणि प्रत्येकाबरोबर दोन-तीन शब्दांची टीप. शेवटची होती: 'निळी छान दिसते.' कालनिर्णयात तोच दिवस काढला. '८.४० गॅलरी'. त्या दिवशी तिने निळी साडी नेसली होती.

माझ्या अंगावर काटा आला. तिला तो रुपया तक्रारीत सांगण्यासारखा वाटलाच नव्हता, आणि आम्हाला हवा असलेला संपर्क नेमका त्यातच होता, वेळेसकट, बँकेच्या नोंदीसकट.

महिला उपनिरीक्षक मॅडमनी जबाब घ्यायला बसवलं. ओळी-ओळीला तारीख विचारत होत्या, आणि ती न अडखळता सांगत होती. संध्याकाळी गुन्हा दाखल झाला. त्याला बोलावून घेतलं.

पुढचं सांगणं मला जड गेलं, पण लपवणं त्याहून वाईट. पहिल्या वेळी हा गुन्हा जामीनपात्र आहे. तो आज रात्रीच समोरच्या खोलीत परतेल, हे मी तिला तोंडावर सांगितलं. ती काहीच बोलली नाही. म्हणून लगेच कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेशासाठी अर्ज लिहायला घेतला. त्या कायद्यात कधी काळी एकत्र राहिलेली नातीही येतात. संपर्क करू नये असा आदेश मिळाला आणि त्याने तो मोडला, तर तो गुन्हा अजामीनपात्र आहे. शेजारच्या आजींना फोन करून रात्री सोबतीला झोपायची विनंती केली. त्या एका शब्दात हो म्हणाल्या.

निघताना ती दारात घुटमळली. कालनिर्णय पंचनामा करून जप्त झालं होतं.

"ताई, आता कशावर लिहू?"

मी कक्षाच्या भिंतीवरचं आमचं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं आणि तिच्या त्याच प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिलं.

रात्री पावणेनऊला तिचा फोन आला. आवाज हळू होता, पण थरथरत नव्हता.

"ताई, आठ चाळीस. गॅलरी. लिहिलंय."