सपाट पट्ट्याचा दिवस

२२ जुलै २०२३ रोजी दक्षिण कोरियातील संशोधकांचे दोन प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीचे शोधनिबंध, अर्काइव्ह या संकेतस्थळावर आले आणि पुढचे काही आठवडे आमच्या क्षेत्रातील नेहमीची कामे मागे पडली. अॅपेटाइट या शिसेयुक्त फॉस्फेट स्फटिकातील काही शिशाच्या जागी तांबे बसवल्यास तो पदार्थ साध्या वातावरणीय दाबाखाली १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक राहतो, म्हणजे कोणत्याही रोधाविना वीज वाहू देतो, असा त्यांचा दावा होता आणि पदार्थाचे नाव होते एलके-९९. १९८७ मध्ये एका कॉपर ऑक्साइडने ९३ केल्विन (सुमारे उणे १८० अंश सेल्सिअस) तापमानापर्यंत अतिवाहकता दाखवली, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ रात्र-रात्र जागून व्याख्याने ऐकत बसले होते. २०१५ मध्ये हायड्रोजन सल्फाइड २०३ केल्विनपर्यंत (सुमारे उणे ७० अंश सेल्सिअस) पोहोचले, पण त्यासाठी वातावरणाच्या सुमारे पंधरा लाख पट दाब लागला. हा इतिहास ठाऊक असलेल्या कोणालाही तो दावा खरा वाटणे कठीण होते, आणि तो न तपासता सोडून देणेही तितकेच कठीण होते.

मी संघनित द्रव्याच्या, म्हणजे घन आणि द्रव पदार्थांच्या, सिद्धांतावर काम करते. सैद्धांतिक म्हटले की लोकांना खडू आणि फळा आठवतो. प्रत्यक्षात आमचा बराचसा वेळ महासंगणकाच्या रांगेत आपल्या गणनेचा क्रमांक कधी लागतो याची वाट पाहण्यात जातो. ऑगस्टच्या आरंभी ज्या दिवसाबद्दल मी लिहिते आहे, त्या दिवशी मात्र रांग अनपेक्षितपणे लवकर सरकली आणि सकाळीच माझ्या विद्यार्थ्याने या पदार्थाच्या ऊर्जापट्ट्यांचा, म्हणजे त्यातील इलेक्ट्रॉनांना घेता येणाऱ्या ऊर्जांचा, पहिला आलेख माझ्यासमोर ठेवला.

आलेखाच्या बरोबर मध्यभागी, फर्मी पातळीवर (जिथवर इलेक्ट्रॉन अवस्था भरतात त्या ऊर्जेवर), दोन जवळजवळ आडव्या रेषा, म्हणजे दोन सपाट पट्टे होते. त्यांची ऊर्जेतील रुंदी जेमतेम ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट होती. साध्या धातूंत ती कित्येक इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. पट्टा इतका सपाट असला की इलेक्ट्रॉनांची गतिज ऊर्जा नगण्य ठरते आणि त्यांच्यातील परस्पर प्रतिकर्षणाचा वरचष्मा होतो. ज्यांना अतिवाहकतेची आशा असते, त्यांच्या दृष्टीने सपाट पट्टा ही उत्साह वाढवणारी खूण आहे, कारण त्यात एका ऊर्जेपाशी पुष्कळ अवस्था एकवटतात. अडचण अशी की त्याच खुणेतून चुंबकत्व किंवा संपूर्ण विद्युतरोधकताही निर्माण होऊ शकते, आणि निसर्ग यांपैकी कशाची निवड करील हे केवळ पट्टा पाहून सांगता येत नाही. इतर गटांच्या गणनांतही तेच सपाट पट्टे दिसल्याचे आदल्याच दिवशी प्रसिद्ध झाले होते, त्यामुळे दुपारपर्यंत आमच्या मजल्यावरील निम्मे लोक त्या आलेखाभोवती गोळा झाले. एका पत्रकाराचा ईमेलही आला. त्याला हवे होते एकच उत्तर, हो की नाही.

विद्यार्थी मात्र गप्प होता. गर्दी पांगल्यावर तो म्हणाला, "मॅडम, तांबे आपण ज्या जागी बसवले, ते तिथेच बसेल कशावरून?"

प्रश्न रास्त होता. या अॅपेटाइटमध्ये शिशाला दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागा असतात. मूळ दाव्यात तांबे त्यांपैकी पहिल्या प्रकारच्या जागेवर जाते असे गृहीत होते, आणि जवळपास सगळ्या गटांनी गणना तशीच मांडली होती. शिवाय स्फटिकाच्या पोकळ नळीत एक जादा ऑक्सिजन असतो. त्याच्यासाठी चार स्थाने उपलब्ध असून प्रत्यक्षात त्यांपैकी एकच भरलेले असते, म्हणून ते कोणते हेही गणना करणाऱ्यालाच ठरवावे लागते. संगणक या निवडींबद्दल चकार शब्द काढत नाही. दिलेल्या रचनेचे उत्तर तो इमानेइतबारे काढून देतो.

आम्ही दोन्ही जागांची तुलना करायला घेतली. संध्याकाळपर्यंत आकडे आले, आणि दुसऱ्या जागेवर तांबे असलेल्या रचनेची ऊर्जा कमी निघाली. याचा अर्थ, ज्या रचनेतून तो देखणा आलेख निघाला होता, ती निसर्गाला कमी पसंत होती. मग पहिल्याच जागेवर तांबे ठेवून मी सममितीचे बंधन, म्हणजे अणूंनी ठरावीक नियमित मांडणीतच राहावे ही अट, काढून टाकायला सांगितले. तांब्याच्या अशा आयनात (विद्युतभारित अणूत) दोन समान ऊर्जेच्या कक्षकांत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागांत, मिळून एक इलेक्ट्रॉन कमी असतो, आणि अशी रचना स्वतःला किंचित वाकवून ही समानता मोडण्याची संधी सहसा सोडत नाही. तसेच झाले. अणू आपापल्या स्थानांवरून थोडे सरकले, त्यावर इलेक्ट्रॉनांमधील प्रतिकर्षण हिशेबात घेतले, आणि दोन आडव्या रेषांच्या मध्ये स्वच्छ फट पडली. तो पदार्थ विद्युतरोधक ठरत होता.

विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. मला मात्र, खरे सांगायचे तर, दिवसभरातले पहिले समाधान तेव्हा मिळाले. ज्या पदार्थात वीज वाहूच शकत नाही, त्यात अतिवाहकतेसाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमल्या की नाही ही चर्चाच संपते. पत्रकाराला मी कळवले की आमच्या गणनेत अतिवाहकतेचा पुरावा नाही आणि सपाट पट्टा म्हणजे तो पुरावा नव्हे. ते वाक्य बातमीत आले नाही. "सपाट पट्टा आढळला" एवढेच आले.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत उलगडा झाला, तो प्रयोगशाळांतून. पदार्थ बनवण्याच्या रासायनिक अभिक्रियेतच गंधक होते आणि त्यातून कॉपर सल्फाइड तयार होत होते. १०४ अंश सेल्सिअसच्या आसपास या सल्फाइडची रचना बदलते आणि त्याचा विद्युतरोध एकदम घसरतो. मूळ नमुन्यांतही ही घसरण १०५ अंशांच्या सुमाराला दिसली होती आणि तीच अतिवाहकतेची खूण मानली गेली होती. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी गंधकाचा शिरकाव होऊ न देता शुद्ध स्फटिक वाढवले, ते पारदर्शक जांभळे निघाले आणि त्यांचा विद्युतरोध दशलक्षावधी ओहम भरला. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याची चित्रफीत जगभर फिरली होती, पण तशा तरंगण्याला साधे लोहचुंबकत्वही पुरते.

शुद्ध पदार्थ विद्युतरोधक असतो, हे आमच्या गणनेतून आधीच निघाले होते. घसरण का होते हे तिच्यातून कधीच निघाले नसते, कारण आम्ही मांडलेल्या अणूंमध्ये गंधक नव्हते. ज्याने नमुन्यातील मलिनतेची, म्हणजे कॉपर सल्फाइडची, तापमानसारणी उघडून पाहिली, त्या रसायनशास्त्रज्ञाचे श्रेय मला आमच्या सगळ्या महासंगणकी तासांपेक्षा मोठे वाटते. विद्यार्थ्याच्या प्रबंधात त्या संध्याकाळच्या ऊर्जातुलनेचे एक प्रकरण आहे. सकाळचा आलेखही त्यात आहे, आणि त्याच्याखाली तांबे कोणत्या जागेवर धरले होते आणि कोणती सममिती लादली होती, हे दोन्ही लिहिलेले आहे.