दहा-बारा पावलं

आई सांगलीहून आलीये तीन महिन्यांसाठी. नायगारा झाला, सीएन टॉवर झाला, मग म्हटलं आता मला आवडते ती जागा दाखवते आणि मागच्या शनिवारी ब्रॅम्प्टनहून निघून हॅमिल्टनला गेलो. तिथल्या एअरपोर्टला लागूनच कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज म्युझियम आहे. विमानं खूप आहेत तिथे, पण मी जाते ती एकासाठीच. लँकेस्टर बॉम्बर, दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्ब टाकणारं विमान. उडू शकणारी लँकेस्टर आज जगात दोनच उरलीत, एक इंग्लंडमध्ये आणि एक ही.

हे विमान 1945 मध्ये माल्टनला बनलं. आईला म्हटलं, अगं आपण भाजी आणायला जातो ना, तेच माल्टन, तिथल्या कारखान्यात युद्धाच्या काळात 430 लँकेस्टर बनल्या. आईला ते खरंच वाटेना.

विमानावर व्हीआर-ए अशी अक्षरं आहेत, पण ती मूळची दुसऱ्या विमानाची. त्या विमानातल्या अँड्र्यू मायनार्स्की नावाच्या गनरच्या आठवणीसाठी ती इथे रंगवलीत. विनिपेगचा पोरगा, आईबाप पोलंडहून आलेले. सोळाव्या वर्षी वडील गेले, घरात सहा भावंडं, मग हा चामडं कापायच्या कामाला लागला आणि घर चालवायला हातभार लावला. 1941 मध्ये एअरफोर्समध्ये गेला. माझी आई इथेच थांबली, म्हणाली, "सोळाव्या वर्षी?" माझे आजोबाही त्याच वयात गिरणीत लागले होते, तिला तेच आठवलं असणार.

लँकेस्टरमध्ये सात जण असायचे. मायनार्स्की पाठीवरच्या टरेटमध्ये, म्हणजे विमानाच्या वर जो काचेचा घुमट दिसतो त्यात बसायचा. आणि अगदी शेपटीच्या टोकाला दुसरा गनर, पॅट ब्रॉफी, चार मशीनगन घेऊन, बाकीच्या सगळ्यांकडे पाठ करून एकटा. ती जागा मी जवळून बघितली. मागे दोन छोटी दारं, माणूस आत शिरला की खांदे घासतील एवढीच जागा, पॅराशूट घालून बसताच येत नाही म्हणून ते दाराबाहेर ठेवायचं. रात्रभर गोठवणाऱ्या थंडीत तिथे बसायचं.

1944 चा जून. फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य उतरून आठवडा झाला होता. जर्मन कुमक अडवायला फ्रान्समधल्याच काँब्रेचं रेल्वे यार्ड फोडायचं होतं. 12 जूनच्या रात्री ते इंग्लंडमधून निघाले, त्यांची ही तेरावी मोहीम. मध्यरात्रीनंतर फ्रान्सवर जर्मन नाइट फायटरने गाठलं, डावीकडची दोन्ही इंजिनं बंद, पंख पेटला, पायलटने सगळ्यांना उडी मारायला सांगितलं. इंजिनं गेली तसं ब्रॉफीचं टरेट अडकलं, हाताने फिरवायचा दांडा होता तोही तुटला.

मायनार्स्की उडी मारायच्या दारापाशी पोचला होता. त्याने मागे बघितलं, ब्रॉफी आत अडकलेला दिसला, आणि तो दार सोडून आगीतून रांगत शेपटीकडे गेला. कुऱ्हाडीने दार फोडायचा प्रयत्न केला, मग नुसत्या हातांनी ओढत राहिला, तोवर त्याचे कंबरेखालचे कपडे पेटले होते. ब्रॉफीनेच त्याला जा म्हणून खुणावलं. तो तसाच मागे सरकत गेला, ब्रॉफीकडे तोंड करून, दारात उभा राहिला, सॅल्यूट केला आणि मग उडी मारली. काहीतरी बोललाही. आवाज पोचला नाही, पण ब्रॉफीला कळलं, रोज झोपायला जाताना म्हणायचा तेच असणार, गुड नाइट सर.

मी टरेटपासून शेपटीपर्यंत विमानाच्या बाजूने चालत पावलं मोजली. दहा-बारा भरली. आई पण माझ्या मागोमाग चालत आली.

विमान शेतात कोसळलं, शेपूट तुटून बाजूला गेली आणि ब्रॉफी बाहेर फेकला गेला. वाचला. सातपैकी सहा जण वाचले. मायनार्स्की पेटत्या कपड्यांनी खाली आला, गावकऱ्यांना सापडला, पण भाजल्याने गेला. 27 वर्षांचा होता. ब्रॉफी इंग्लंडला परत आल्यावर त्याला ते कळलं. त्या शेवटच्या मिनिटांचा साक्षीदार तो एकटाच, त्याने सांगितलं म्हणून जगाला कळलं आणि 1946 मध्ये मायनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस, शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, मिळालं. ते घ्यायला त्याची आई होती.

बॉम्बर कमांडची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विमानांच्या विभागाची, 55,573 माणसं गेली त्या युद्धात. हा आकडा मी बऱ्याचदा वाचलाय, पण त्या छोट्या दारांसमोर उभं राहिलं की आकडा डोक्यात राहतच नाही, हात दिसतात फक्त.

गाडीत आई बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "कुठे पुरलंय त्याला?" म्हटलं फ्रान्समध्ये, मेहारिकूर म्हणून लहान गाव आहे, तिथल्या स्मशानभूमीत.

"मग तिकडे कधी जायचं?" म्हणाली. "आणि फुलं तिथे मिळतात का, की इथून न्यायची?"