आधी गळा, मग गिटार

बँडच्या नव्या गाण्यात माझ्या वाट्याला आठ बारांचा गिटार सोलो, म्हणजे एकट्याने वाजवायचा तुकडा, आला. एका बारात चार मात्रा आणि टेम्पो मिनिटाला ८० मात्रांचा, म्हणजे सगळा मिळून २४ सेकंदांचा खेळ. तरी तीन आठवडे मी गिटारच्या दांडीवर पाचव्या फ्रेटवरच्या, म्हणजे पाचव्या घरातल्या, ए मायनर पेंटॅटॉनिक या पाच सुरांच्या चौकटीत वरखाली पळत होतो. बोटं आपल्या सवयीचंच वाजवणार! शेवटी ड्रमर वैतागला, "अरे, श्वास तरी घे की!"

तो टोमणा होता, मी तो सल्ला समजलो. गाताना श्वास घ्यावाच लागतो, म्हणून गिटार बाजूला ठेवली आणि सोलो नुसता गुणगुणायला लागलो. घरी लाज वाटायची, म्हणून स्कूटरवर. दांडेकर पुलाच्या सिग्नलला हेल्मेटच्या आत वाट्टेल ते गाता येतं. रिक्षावाले बघतात, बघू देत. गाण्यातली एखादी जागा बरी वाटली की गाडी कडेला घ्यायची आणि फोनवर रेकॉर्ड करायची.

घरी येऊन वाजवायला बसलो तर सूर फ्रेटवर सापडेचनात. आधाराला काहीच नसल्याने मी गाताना हळूहळू उतरत गेलो होतो. मग तानपुऱ्याचं ॲप लावलं, पट्टी पांढरी सहा, म्हणजे आमच्या गिटारीचा ए. आई गाणं शिकलेली. माझी पेंटॅटॉनिक ऐकून म्हणाली, "हे तर धानी रागाचे सूर." खरंच की: सा, कोमल ग, म, प, कोमल नी.

खरा घोळ एका मींडेपाशी झाला. गाताना मी मध्यमावरून पंचमावर अलगद जात होतो. गिटारवर त्यासाठी तिसरी तार सातव्या फ्रेटवर दाबून वर ढकलायची. ढकलली. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "पंचम उतरलाय रे." दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर तोच पंचम असतो, तो वाजवून ताडून पाहिलं, तिचंच बरोबर. मी एकट्या अनामिकेने ढकलत होतो. तिच्यामागे आणखी दोन बोटं लावली, तेव्हा तार पोचली. यातच चार दिवस गेले, बोटांची सालं निघाली ती वेगळीच.

अमेरिकन जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सन गाता गाता तेच सूर गिटारवर वाजवतो. मला दोन्ही एकदम जमत नाही. मी एक तुकडा गातो, थांबतो, मग वाजवतो.

सोलोच्या चौथ्या बारात आता दोन मात्रा मोकळ्या आहेत. गाताना तिथे मला दम लागला होता. ड्रमरने लगेच तिथे स्वतःचा फिल, म्हणजे ड्रमचा छोटा तुकडा, घुसवलाय.