कवठेमहांकाळचा ‘ळ’

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मी लिहून दिलंय. बेदाण्याचा सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, त्यातूनच निघते. गेल्या हंगामात एका काकांनी आपली पट्टी माझ्यासमोर धरली. “ताई, आमच्या तालुक्याचा ळ कुठं गेला?” छापलं होतं, कवठेमहांका.

चूक माझीच. रकान्याची लांबी ठरवताना मी जिल्ह्यातले १० तालुके कागदावर लिहून अक्षरं मोजली होती. सगळ्यांत लांब कवठेमहांकाळ, ७ अक्षरं. ३ जादा धरून रकाना कॅर(१०), म्हणजे ठरीव १० अक्षरांचा, केला. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळे वेगवेगळे मोजले जातात. क, व, ठ, मात्रा, म, ह, काना, अनुस्वार, क, काना, ळ. झाले ११! ‘ज्ञानेश्वर’ डोळ्यांना ४ अक्षरं, मायएसक्यूएल या माझ्या डेटाबेसला १०, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३० बाइट. त्यात एका जुन्या प्रोग्रामसाठी सर्व्हरचा स्ट्रिक्ट मोड मी बंद ठेवलेला. नाहीतर नोंद तिथंच अडली असती. तसं न होता नुसती वॉर्निंग आली आणि शेवटचा ळ कापून नाव आत गेलं.

ठरीव लांबीच्या रकान्यानं वेग येतो, असं डोक्यात बसलं होतं, म्हणून कॅर. त्यात ‘जत’ टाकलं तर उरलेल्या ८ जागा स्पेसच्या, वाचताना त्या गळतात. व्हारकॅर हा बदलत्या लांबीचा रकाना मजकुरापुरतीच जागा घेतो, वर लांबी नोंदवायला १ बाइट. रकाना २५५ बाइटांच्या पुढं जाऊ शकत असेल तर २. म्हणजे जतला ६ अधिक १ बाइट. एवढ्याशा हिशेबापायी मी माणसाच्या तालुक्याचं नाव तोडलं, हे मला फार लागलं.

पिनकोडला कॅर(६) आणि आयएफएससीला कॅर(११) मात्र तसंच ठेवलंय. ४१६४१६ चा सातवा आकडा कधी येणार नाही.

तालुका एका अपडेटमध्ये नीट झाला. पण शेतकऱ्यांच्या नावांचा रकानाही मी असाच मोजून केला होता. तो व्हारकॅर(१००) केला, तरी कापलेलं थोडंच परत येतं? मग दुकानाच्या जुन्या वह्या काढल्या. मालक अण्णा नावं वाचत गेले, मी टाइप करत गेले. “आडनाव पुरं घाल गं,” असं ते दर पानाला सांगायचे. दोन रविवार गेले. चार नावं वहीतही आद्याक्षरांनीच लिहिलेली निघाली. ते शेतकरी माल घेऊन आले की त्यांनाच विचारायचं ठरलंय.