थिरथिरा गेला कधी?

पाहुणा आला की त्याच दिवशी कळतं. गेला हे कळायला चार दिवस लागतात. मार्च-एप्रिलमध्ये नागपुरात पक्षी बघणाऱ्यांची खरी पंचाईत हीच. थंडी काढायला मध्य आशियातून, सायबेरियातून आलेली मंडळी याच दिवसांत परत फिरतात, आणि निरोप कोणी घेत नाही. थिरथिरा हा त्यातलाच एक छोटा पक्षी.

जातात मात्र नटून. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैनाच घ्या. अंबाझरीकडे पळस, सावर फुलली की त्यांची टोळी कलकलाट करत मधावर तुटून पडते. भोरडीला पळसमैना म्हणतात ते उगीच नाही. हिवाळ्यात मळकट असलेला त्यांचा गुलाबी रंग आता खुलतो, पण नवी पिसं येऊन नव्हे. पिसांच्या फिक्या कडा झिजतात आणि आतला रंग उघडा पडतो. वापरून वापरून नवा होणारा कपडा! पिवळा धोबी हा पक्षी मात्र खरोखरच अंगावरची पिसं बदलतो. म्हणून मार्चमध्ये अर्धा मातकट, अर्धा हळदीचा असा ठिगळं लावलेला धोबी दिसला, तर वहीत नवी जात लिहायची घाई नको.

सगळ्यात जास्त फसवते कृष्ण थिरथिऱ्याची मादी. तिला हटकून चिरक या दुसऱ्याच लहान पक्ष्याची मादी समजतात. दोघी मातकट, दोघींच्या शेपटीच्या बुडाशी तांबूस. पण चिरकाची शेपटी काळपट आणि बहुधा वर उचललेली. थिरथिऱ्याची विटकरी, आणि बसल्या जागी थरथरणारी. नावातच खूण आहे, तरी लोक छातीचा रंग बघत बसतात.

दुर्बीण ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची पुरे. दहापटीची हातात जास्त हलते, आणि झाडीत पक्षी शोधायला तिच्यातून दिसणारं क्षेत्र बहुधा अपुरं पडतं. नवखा माणूस पक्षी दिसला की आधी दुर्बिणीकडे बघतो. मान वर करेपर्यंत फांदी रिकामी. नजर पक्ष्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांशी आणायची. ऊन पाठीवर घ्यायचं, नाहीतर समोरचं सगळंच काळं. चष्मा असेल तर डोळ्यांकडची रबरी वाटी खाली दुमडायची किंवा फिरवून आत घ्यायची. आणि साडेआठच्या आत घरी. पुढे आपल्या उन्हात पक्षीही सावलीत गप्प बसतात.

भोरड्यांचा थवा मोजताना एकेक मोजू नये. दहा मोजून तेवढा तुकडा डोळ्यांत धरायचा आणि तो थव्यावर किती वेळा बसतो ते बघायचं.

आता मूळ पंचाईत. शेवटची तारीख पकडायची तर एकच जागा, एकच वेळ, तेवढाच फेरा रोज हवा, आणि थिरथिरा दिसला नाही त्या दिवशीही वहीत तसं लिहायला हवं. बहुतेकांच्या वहीत फक्त दिसलेले पक्षी असतात. मग एप्रिलअखेर कोणीतरी विचारतं, ‘‘थिरथिरा गेला का हो?’’ आणि सगळे एकमेकांकडे बघतात.