कीबोर्ड गायब, चोर भलताच

एका ग्रुपवर उत्तर टाकायला गेलो आणि कीबोर्ड आलाच नाही. चौकटीत बोट लावलं, कर्सर मस्त लुकलुकतोय, पण खालून कीबोर्ड काही वर येईना. दुसरं ॲप उघडलं, तिथेही तेच. म्हटलं फोन हँग झाला असेल, रीस्टार्ट केला. लॉकस्क्रीनवर पिनचे आकडे व्यवस्थित दाबले गेले त्यामुळे मी खूश, पण ते आकडे कीबोर्डच्या ॲपचे नसतातच, ती फोनची स्वतःची स्क्रीन असते हे नंतर कळलं. निदान टचस्क्रीन गेलेली नाही एवढं तरी त्यातून समजलं.

मग नेहमीचे उपाय सुरू. सेटिंग्जमधे ॲप्स, तिथे कीबोर्डचं ॲप, फोर्स स्टॉप, मग क्लिअर कॅशे, म्हणजे ॲपने तात्पुरती साठवलेली माहिती पुसणं. काही फरक नाही. गंमत म्हणजे मधेच अर्धा तास कीबोर्ड आपोआप आला, मी पटापट दोन मेसेज टाकले आणि सगळ्यांना सांगितलं की झाला बुवा दुरुस्त, आणि तेवढ्यात परत गायब.

आता वैतागून मी जे केलं ते अजून बोचतंय. क्लिअर डेटा दाबलं. कॅशे पुसली तर काही बिघडत नाही, पण डेटा पुसला की कीबोर्ड पार कोरा होतो, तुम्ही वर्षानुवर्षं टाईप करून त्याला शिकवलेले शब्द, नातेवाईकांची आडनावं, मराठीचा लेआऊट, सगळं साफ. आणि एवढं करूनही कीबोर्ड आला नाहीच!

दुसरा कीबोर्ड टाकून बघू म्हटलं, पण ॲप शोधायला नाव टाईप करायचं कशाने? माईकवर बोलून शोधलं. नवा कीबोर्ड चालू करताना फोन इशारा देतो की हे ॲप तुम्ही टाईप केलेलं सगळं, पासवर्डसकट, गोळा करू शकतं. तो वाचून दोन मिनिटं थबकलो, तरी केला चालू. तोही दिसेना. सेफ मोडमधे गेलो, ज्यात आपण टाकलेली बाकीची ॲप्स बंद राहतात, तिथेही नाही. म्हणजे एखाद्या ॲपचा दोष असण्याची शक्यता जवळजवळ संपली. या काळात माझा कारभार सगळा व्हॉइस मेसेजवर, नाहीतर जुन्या मेसेजमधला एखादा "हो चालेल" कॉपी करून चिकटवायचा.

शेवटी ओटीजी केबलने कॉम्प्युटरचा कीबोर्ड फोनला लावला. लगेच टाईप व्हायला लागलं. खरं म्हणजे तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती, कारण बाहेरचा कीबोर्ड जोडला की फोन स्क्रीनवरचा कीबोर्ड सहसा लपवतो, दोन कशाला म्हणून. पण नाही पेटली.

पेटवली भाचीने. ती म्हणाली, "मामा, वरती हे फिजिकल कीबोर्डचं नोटिफिकेशन कसलं आलंय? तू तर केबल काढलीयेस ना?" आणि मला आठवलं की ते नोटिफिकेशन मी दोन दिवस न वाचता बाजूला सरकवत होतो. तिने ब्लूटूथ बंद केलं आणि कीबोर्ड टुणकन वर आला. मी नुसता बघत बसलो.

चोर निघाला सेल्फी स्टँडचा एवढुसा रिमोट. फोटो काढायचं एकच बटण त्याला, पण असे बरेच रिमोट ब्लूटूथवर फोनला स्वतःची ओळख "मी कीबोर्ड" अशीच करून देतात, कारण ते बटण आतून आवाज वाढवायच्या कीचाच सिग्नल पाठवतं आणि कॅमेरा त्यावर फोटो काढतो. माझा रिमोट बॅगेत चालूच राहिला होता. काही वेळाने तो झोपी जायचा तेव्हा कीबोर्ड परत यायचा, आणि बॅगेत कशाने तरी बटण दाबलं गेलं की पुन्हा जोडला जाऊन कीबोर्ड गुल. त्या अर्ध्या तासाचं कोडं असं सुटलं. सेफ मोडमधेही ब्लूटूथ चालूच होतं, मग तिथे तरी वेगळं काय होणार होतं?

ब्लूटूथच्या यादीत जाऊन तो रिमोट कायमचा काढून टाकला. ज्यांना खराखुरा ब्लूटूथ कीबोर्ड वापरायचाय त्यांनी काढू नका, सेटिंग्जमधे फिजिकल कीबोर्ड शोधा, तिथे स्क्रीनवरचा कीबोर्डही दाखवायचा पर्याय असतो, फक्त प्रत्येक फोनमधे जागा थोडी वेगळी. ॲपवर हात टाकायच्या आधी मी ब्लूटूथ बंद करून बघितलं असतं तर माझे शब्द वाचले असते. आता मराठी लेआऊट परत जोडलाय, पण माझंच आडनाव टाईप केलं तरी कीबोर्ड भलताच शब्द सुचवतो. भाची म्हणते, शिकेल हळूहळू.