आरएनपी उठला नाही

3 ऑगस्ट 2009 रोजी स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या. त्या रांगांचं दुसरं टोक म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या दारातले, नमुन्यांनी भरलेले थर्माकोलचे डबे.

रोज संध्याकाळी जाहीर होणारा आकडा कशावर उभा असतो, ते बाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. व्हीटीएममधला, म्हणजे विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवातला, 140 मायक्रोलिटर नमुना घेऊन त्यातून आरएनए, म्हणजे जनुकीय द्रव्य, काढायचा. मग प्रत्येक नमुन्याला प्लेटमधले चार वेल, म्हणजे छोटे खड्डे, प्रत्येकात एक शोध: विषाणूचे तीन, इन्फ्लुएंझा ए, स्वाइन ए, स्वाइन एच1, आणि चौथा आरएनपी. 96 वेलच्या प्लेटमधून कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेले तुलनेचे नमुने, वजा केले की एका फेरीत जेमतेम एकवीस रुग्ण बसतात. जनुकाच्या प्रती वाढवत नेणाऱ्या पीसीआर चाचणीच्या 45 सायकल व्हायला दोन तासांहून जास्त लागतात. ‘लगेच रिपोर्ट द्या’ म्हणणाऱ्यांनी एकदा मशिनसमोर बसून बघावं.

आरएनपी हा माणसाच्या पेशीतलाच जनुक. त्याचा कर्व्ह, म्हणजे मशिनच्या पडद्यावरची रेषा, उठला तर स्वॅबवर पेशी आल्यात आणि प्रक्रिया नीट झालीय, एवढं कळतं. तो सपाट असेल तर बाकीच्या तीन सपाट रेषांना काडीचा अर्थ नाही.

एके दिवशी एका रुग्णालयाच्या डब्यातले निम्म्याहून जास्त नमुने चारही वेलमध्ये सपाट आले. त्याच प्लेटवरचे दुसरीकडचे नमुने आणि कंट्रोल व्यवस्थित होते, म्हणजे खोट आमच्या रिएजंटमध्ये, चाचणीच्या रसायनांत, नव्हती. नळ्या पुन्हा काढून पाहिल्या. बऱ्याच नळ्यांत लाकडी काडीचे कापसाचे बोळे! डॅक्रॉनचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे, प्लॅस्टिक काडीचे स्वॅब वापरा म्हणून लेखी सूचना गेलेल्या होत्या. लाकूड-कापसातून उतरणारी द्रव्यं पीसीआर अडवतात. काही नळ्यांत स्वॅब योग्य होता, पण तो टॉन्सिलपर्यंत पोचलाच नसावा, नुसता गालाला लावून काढलेला.

यातलं कुठलं कारण कुणाला लागू, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. आरएनए दहापट पातळ करून पुन्हा लावायचा. अडथळा असेल तर तोही पातळ होतो आणि आरएनपी उठतो. पेशीच नसतील तर काही उठत नाही. काहींचा उठला. त्यातल्या एकात स्वाइन एच1सुद्धा उठला, उशिरा पण स्पष्ट.

तोवर त्या रुग्णालयातून फोन आलेला. “मॅडम, पॉझिटिव्ह नाहीत ना? मग निगेटिव्ह लिहून पाठवा, आकडा द्यायचाय.” मी उरलेल्यांपुढे ‘नमुना अपुरा, पुन्हा पाठवा’ असंच लिहिलं. तक्त्यात रकाने दोनच, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. हे लोक कुठेच मोजले गेले नाहीत.

साथ कुठून कुठे सरकली, याचे नकाशे पुढे याच तक्त्यांवरून रंगवले गेले. ऑगस्टमध्येच रुग्णांची सौम्य ते गंभीर अशी ए, बी, सी वर्गवारी आली आणि ए-बीची तपासणी नको असं ठरलं. निर्णय योग्यच होता. सौम्य तापाला चार वेल खर्च करणं परवडणारं नव्हतं. पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एकाच आलेखात जोडणाऱ्यांना काय म्हणावं? विषाणू तेवढाच पसरलेला असतो, फक्त स्वॅब कमी झालेले असतात.

त्या रुग्णालयाकडून दुसरे स्वॅब आले ते थोड्यांचेच, तेही आजार आठवड्याचा झाल्यावर, ऑसेल्टामिवीर या फ्लूवरच्या औषधाच्या 75 मिलिग्रॅमच्या गोळ्या पाच दिवस, दिवसाला दोन घेऊन झाल्यावर. या वेळी डॅक्रॉन होता. आरएनपी झकास उठला, विषाणू नाही. ते निगेटिव्ह मात्र रकान्यात बरोबर बसले.